वहिनीची सही

कुरखेडा
८ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून आज पोस्टात जाऊन पाकीट विकत घेतलं. काउंटरवरच्या भाऊंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "काऊन बाई, आजच्या जमान्यात चिठ्ठी? कोणाले लिहून राह्यली?" मी म्हटलं, "वहिनीले. रुसून माहेरी गेली." ते म्हणाले, "मंग हे काम तुह्या दादाचं हाये न!" आता त्यांना काय सांगू, की दादाकडून हे काम होत असतं तर मी कशाला तिकीट चाटत बसले असते.

दुकानात बसून लिहिते आहे. मशीनवर निशाचा ब्लाउज अर्धा शिवून पडला आहे. तिला संध्याकाळी देते म्हटलंय आणि मी इकडे साहित्य निर्माण करते आहे.

भाऊबीजेला म्हणून तू पोंभुर्ण्याला गेलीस. दादा घ्यायला आला तर आली नाहीस. तो एकटाच परतला, पाय धुतले आणि ओट्यावर बसून राहिला. आईने विचारलं, "उर्वशी कुठी हाये?" तेव्हा त्याने तुझं बोलणं सांगितलं. "म्हणते, मले दिव्यानीच्या तोंडाकडे पाहता येत नाई. आता त्या घरात मी कशी येऊ?" हे त्याने आईला हळूच सांगितलं, आणि मी दारातच उभी. आपल्या घरात माझ्याविषयी सगळं माझ्या पाठीमागे बोलतात आणि मला सगळं ऐकू येतं, हे तुला नव्याने सांगायला नको.

म्हणून आधीच सांगून टाकते, वहिनी. मला माहीत आहे. तुला दिवस गेले तेव्हा नागपूरला सुईने वारेचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट सिकलसेलचा आला. नुसता वाहक नाही, माझ्यासारखा पूर्ण, लाल कार्डाचा. तू गर्भपात करून घेतलास. कागदावर सही तुझी होती. तेव्हापासून तू माझ्या ताटात भाजी वाढतानाही दुसरीकडे पाहत होतीस, आणि मला वाटलं की अशक्तपणामुळे असेल. मी पण किती हुशार!

मला तुझे आभार मानायचे आहेत. थांब, पाकीट फेकू नकोस. टोमणा मारत नाहीये. टोमणा मारायचा असता तर मी त्यात गाजर हलव्याची रेसिपी टाकली असती, तुझा करपलेला हलवा आठवतो ना. कशाबद्दल आभार, ते एका चिठ्ठीत मावणार नाही.

घरची बातमी: धान कापून झालं. दादाने काल स्वतः भात लावला. नवीन तांदूळ, घरचा, आणि त्याने त्याची लापशी करून दाखवली. बाबांनी ती परत मागून घेतली. तुझ्याविना या घरात कोणी कोणाला रागावत नाही, सगळे शहाण्यासारखे वागतात आणि मला त्याचा फार कंटाळा आला आहे.

ये ना.

दिव्यानी


कुरखेडा
२४ नोव्हेंबर

वहिनी,

तुझ्या आईंनी फोनवर सांगितलं, चिठ्ठी पोचली, तू वाचलीस, आणि घडी घालून ठेवलीस. म्हणजे फेकली नाहीस. मी दुसरं पाकीट घेतलं. पोस्टातले भाऊ म्हणाले, "आली का?" मी म्हटलं, "नाई." त्यांनी तिकीट स्वतःच चिकटवून दिलं.

गावात परवा मंडई झाली. जिलेबीची दुकानं, पाळणा, रात्रीचं नाटक, जत्रेतलं सगळं दरवर्षीसारखं. सोयरेधायरे आले, आणि जो तो विचारतो, "उर्वशी दिसत नाई?" आई सांगते, "माहेरी गेली, तब्येत बरी नाई." तिला खोटं बोलता येत नाही. बोलताना पदराशी चाळा करते, म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

तुमची सोयरीक पण मंडईतच जमली होती. मी तेव्हा गडचिरोलीला सलाईन लावून पडले होते, त्यामुळे ही गोष्ट मी तुझ्याकडूनच ऐकली आणि तुलाच परत सांगते, कारण मला ती सांगायला आवडते. रात्री नाटक पाहिलं, सकाळी चहाला सगळे बसले, आणि आपल्या बाबांनी ऐटीत सांगितलं, "आमी कार्ड पाहूनच सोयरीक करतो. घरात एक पोरगी बिमार हाये, आमाले समजते." आमचे बाबा, गुणवंतराव, शिकलेल्या माणसासारखे बोलले! मग तुझ्या बाबांनी दादाचं सिकलसेलचं कार्ड पाहिलं, आमच्या बाबांनी तुझं. दोन्ही पिवळी. आणि सगळी बैठक खूश. पत्रिकेतले गुण जुळतात तसा रंगाला रंग मिळाला म्हणून साखर वाटली.

मी घरी आले आणि डोक्याला हात लावला. ओरडले. पिवळं म्हणजे दोष अंगात लपलेला, दोन पिवळी एकत्र आली तर चारात एक लेकरू माझ्यासारखं होऊ शकतं, हेच तर शिबिरात सांगतात! बाबा बिचारे म्हणाले, "पन बाई, रंग त एकच हाये न!" इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले की मला पुढे भांडताच आलं नाही.

मग मी तुला फोन केला. तू मला ओळखत पण नव्हतीस. मी सगळं सांगितलं, चांगलं भीतीदायक करून सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मले समजते बाई. मी बारावी सायन्स केली. पन मले तुमचे दादा आवडले. पोटात असतानी तपासता येते म्हणतात, तवा पाहू." मी फोन ठेवला आणि आईला म्हटलं, ही बाई आपल्या घरात आली तर बरं होईल. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

तू आलीस आणि माझ्या आजाराचं नाव पहिल्यांदा घरात मोठ्याने घेतलं गेलं. आई त्याला "तिचं ते" म्हणायची. तू म्हणालीस, "सिकलसेल हाये, ते काय?" तू मला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन रोजच्या गोळ्या सुरू करवल्यास आणि डॉक्टरांशी मापटंभर वाद घातलास. थंडीत माझे गुडघे धरले की मिठाची पोटली तव्यावर गरम करून शेकायचीस. आई पण शेकायची, पण ती शेकताना रडायची, आणि मग मलाच तिला समजवावं लागायचं. तू शेकताना सीरियलमधल्या सासूला शिव्या द्यायचीस.

आणि ब्रह्मपुरीचे पाहुणे! मला पाहायला आले तेव्हा आईने माझं लाल कार्ड तांदळाच्या कोठीत खोल घातलं होतं. तू काढलंस, पदराने पुसलंस आणि पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलंस. "पोहे खा, अन् हेबी पाहून घ्या. मागून म्हणान का सांगतलं नाई." त्यांनी पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि गेले ते गेलेच. आई तुझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, मुलगा दिसायला बरा होता. पण आजार लपवून नांदायला जाण्यापासून तू मला वाचवलंस. त्या दिवशी मी तुला थँक्यू म्हणायला पाहिजे होतं आणि मी म्हटलं, "पोहे खारट झाले होते." तर हे पहिले आभार घे.

उरलेल्या धानाची मळणी सुरू आहे. सगळ्या घरात तूस आणि मला शिंका.

दिव्यानी


कुरखेडा
१२ डिसेंबर

वहिनी,

आला बाई तुझा मेसेज! एवढ्या दोन चिठ्ठ्यांवर तुझी एक ओळ. "आभार नको मानू. राग आला असन तो लिही."

बरं. मागितलास तर घे.

आला. खूप राग आला. दादा सांगत होता, नागपूरच्या त्या दवाखान्यात दारातच मोठी पाटी आहे. इथे गर्भातलं मूल मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. चांगली गोष्ट आहे. ही पाटी नसती तर आपल्या दोघींपैकी एखादी इथे नसतीच. पण त्याच दवाखान्यात, त्याच टेबलावर, पोटातलं लेकरू दिव्यानीसारखं आहे का हे मात्र सांगतात, आणि ते कायद्याला चालतं. मग मी कोण? पोरगी म्हणून मला कायदा राखतो आणि दिव्यानी म्हणून राखत नाही? दिवसभर मशीनवर हाच विचार केला आणि निशाच्या दुसऱ्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. तिने घालून पाहिला आणि म्हणाली, "दिव्यानी, माह्ये हात मागून निघतेत का वो?"

मग मी स्वतःलाच समजावलं की पोरगी असणं काही दुखणं नाही, आणि हे तर दुखणंच आहे. पटलं. दुसऱ्या दिवशी परत नाही पटलं. या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि मिळाल्यासारखं करून तुला फसवायचं नाही.

दुसरा राग घरावर. रिपोर्ट आल्यावर तुम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलात. मी पाणी प्यायला आत आले आणि सगळे गप्प. आई एकदम भाजी निवडायला लागली, तीही निवडलेली. मी पाणी घेतलं, बाहेर आले, आणि मग परत बोलणं सुरू झालं. आई म्हणाली, "मी एक वाढवली, दुसरंबी वाढवीन." ती प्रेमाने म्हणाली हे मला ठाऊक आहे. पण तुझ्यावर तो कसा दगड पडला असेल तेही मला ठाऊक आहे. बाबा उठून शेतातल्या बोडीकडे निघून गेले, पाणी पाहायला. त्या दिवसांत बोडी काठोकाठ होती, पाहायचं काय होतं? आणि आमचे दादासाहेब, प्रणितकुमार, म्हणाले, "तू म्हणशील तसं."

ऐकायला किती गुणी नवरा! बायका ओवाळतील. मग डॉक्टरबाईंनी सांगितलं की कायद्याने सही फक्त बाईचीच लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही. हे दादाने घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात सुटल्यासारखं होतं. माझ्या हातात कात्री होती. मी ती खाली ठेवली, हे त्याचं नशीब.

कायदा बरोबर आहे, वहिनी. सही तुझीच लागते हे फार बरं आहे. सासू-सासऱ्याच्या सहीवर असतं तर आपल्याकडच्या किती बायांच्या पोटाचा निकाल ओट्यावर बसून लागला असता. मी त्या कायद्याचे पण आभार मानते, तो कोणी लिहिला मला ठाऊक नाही. पण सही एकटीची लागते म्हणून तुला एकटीलाच टेबलापाशी सोडायचं, हे कोणी सांगितलं होतं? यांना तुझ्या शेजारी उभं राहता येत नव्हतं का? उभं राहायला कुठे सही लागते!

आणि तिसरा राग तुझ्यावर. तू मला विचारलं नाहीस. घरात या आजाराची माहीतगार मी एकटी, जन्मापासूनचा अनुभव, आणि तुम्ही नागपूरपर्यंत सगळ्यांना विचारलंत, मला सोडून. मला वाईट वाटेल म्हणून विचारलं नसेल. त्यानेच जास्त वाईट वाटलं. विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. पण निदान मी पाणी पिऊन बाहेर गेले नसते.

झाला राग. वाचून रडू नकोस, आणि रडलीस तर जेवून रड. दादा रोज गोठ्यात जाऊन बराच वेळ बसतो, बैलाशी काय बोलतो देव जाणे. आईने काल माझ्याकडे येऊन सांगितलं, "तिले लिही, मी वाढवीन म्हटलं ते तिच्यावर रागानं नोतं म्हटलं. मले दुसरं बोलताच आलं नाई." सांगितल्याप्रमाणे लिहिलं आहे, एक अक्षर वाढवलं नाही.

राग मागून घेतलास, त्याने मला खूप मोकळं वाटलं. आजवर माझ्यापुढे सगळे माझी समजूतच काढत आले. तू पहिली जिने म्हटलं, राग दे. तेव्हा तुला नको असतील तरी हे दुसरे आभार.

दिव्यानी


कुरखेडा
५ जानेवारी २०२५

वहिनी,

काल तुझा फोन आला तेव्हा दुकानात शाळेच्या गणवेशासाठी चार बाया उभ्या होत्या आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तू हॅलो म्हटलं नाहीस, कशी आहेस विचारलं नाहीस.

"दिव्यानी, तवा विचारलं नाई, आता विचारतो. तुले जगाले आवडते का? खरं सांगजो. मले बरं वाटावं म्हून नोको सांगू."

मी टाचण्या काढल्या. मी म्हटलं, "गिऱ्हाईक हाये, लिहून पाठवतो," आणि फोन ठेवला. मग एका पोरीच्या कमरेचं माप घेतलं आणि ते तिच्या बाहीच्या रकान्यात लिहिलं.

जगायला आवडतं का, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. दुखते का, विचारतात. गोळी घेतली का, विचारतात. लग्नाचं काय, हे तर बसमधल्या अनोळखी बाया पण विचारतात. आवडते का, हे आईनेही विचारलं नाही, तिला उत्तराची भीती वाटत असेल. काल दिवसभर मी हा प्रश्न हातात घेऊन बसले. खूप छान वाटलं. घाबरले पण खूप.

खरं सांगते. दुखतं तेव्हा आवडत नाही. अजिबात नाही. हाडाच्या आतून कोणी पीळ घालतं आणि मग परत पीळ घालतं. अशा वेळी मी आईला म्हटलं आहे, मले काऊन जन्माले घातलं. एकदा नाही, पुष्कळदा म्हटलं आहे. तू पण ऐकलं आहेस, माझे पाय तुझ्या मांडीवर होते.

आणि दुखत नसतं तेव्हा मला फार आवडतं. इतकं की कधी कधी मलाच माझं हसू येतं. कापडाला पहिली कात्री लावताना आवडतं. एस.टी.चा फुकट पास आहे म्हणून काही काम नसताना वडसापर्यंत जायचं, खिडकीतून रान पाहायचं आणि एक समोसा खाऊन परत यायचं, ते आवडतं. दहावीच्या पेपरला आजारामुळे मला तासाला वीस मिनिटं जास्त मिळायची आणि मी ती मास्तरांच्या डुलक्या पाहण्यात घालवायची, ते आठवून आता पण मजा वाटते. लाखोरीच्या डाळीचे वडे आवडतात. तुझ्याशी भांडायला आवडतं. तू आल्यापासून जास्त आवडायला लागलं आहे, हेही लिहून ठेवते, कारण गोळ्या तू सुरू केल्यास आणि दुखण्याच्या वेळा कमी झाल्या.

आता दुसरी गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण तुला तीच विचारायची आहे. तुला वाटतं की त्या कागदावर सही करताना तू माझं नाव खोडलंस. वहिनी, दादासाठी तो रिपोर्ट कागद होता. डॉक्टरांसाठी पण कागद. तुला त्या कागदावर माझे गुडघे दिसले. तू ते शेकले आहेस, म्हणून तुलाच दिसले. शेकलेच नसते तर तुला एवढं जड गेलं नसतं, आणि कदाचित तू सहीच केली नसतीस. दुसऱ्या कोणी बाईने तोच रिपोर्ट पाहून लेकरू ठेवलं असतं तर मी त्या लेकराची मावशी झाले असते आणि तिला मिठाची पोटली कशी करायची ते शिकवलं असतं. दोघी बरोबर कशा असू शकतात मला सांगता येत नाही. पण मला दोघींचा राग येत नाही, हे मी काल स्वतःला नीट विचारून पाहिलं आहे.

मला त्या लेकराची आठवण येते. मी मनात एक नाव पण ठेवलं होतं, ते तुला सांगणार नाही. तुला एकटीलाच ते आठवतं असं समजू नकोस, एवढ्यासाठी लिहिलं.

पुढे लेकरू हवं की नको, परत तपासायचं की नाही, की कोणाचं लेकरू आणून वाढवायचं, ते तुझं तू ठरव. दादाला मी सांगितलं आहे की "तू म्हणशील तसं" म्हणून आता सुटका नाही, त्याने त्याला काय वाटतं ते बोलायचं आणि मग तू ठरवायचं. तो म्हणाला, "मले रडू येते बोलताना." मी म्हटलं, मग रडत बोल. आणि नागपूरला जायची वेळ आली तर या खेपेला मी येणार. तुझं तिकीट अर्धं, माझं फुकट, दोघी मिळून एका माणसापेक्षा स्वस्त पडतो.

काल फोनवर बोलता आलं असतं तर जे बोलले असते ते आता आपल्या तोंडच्या बोलीत लिहिते, म्हणजे तुला माझा आवाज येईल.

हाव वहिनी, मले जगाले आवडते. अन् तुह्या लेकराच्या वाट्याले हे दुखणं आलं नाई, याचं मले बरं वाटते. तुले एकच आयकाचं असन त मी सांगू नाई शकत, माह्याजवळ हे दोन्हीबी हायेत. तुले विचारावं वाटलं, म्हून मी तुही लय आभारी हावो. आता पोंभुर्ण्याहून निघाली का फोन करजो, मी दुकान बंद करून स्टँडवर येतो.

दिव्यानी